नानांच्या कॅलेंडरातला बगळा

आता कसं सांगू तुम्हाला! वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही मला घाम फुटतो, आणि मीच अख्ख्या दुकानाला शकुन बघायला लावलं. हसू नका, आधी ऐका.

तंबूतल्या सिनेमात एकदा मुख्य खेळाआधी नुसत्या चित्रांची छोटी फिल्म दाखवली. हाताने काढलेली बकरी, आणि चक्क कुंपणावरून उडी मारते! घरी आले तरी ती बकरी डोळ्यांपुढून जाईना. मला तेच काम करायचं होतं. दुसरं काहीच नको.

आमच्या चित्रकलेच्या सरांचे एक मित्र मुंबईत असल्याच फिल्मांची चित्रं काढतात. सर म्हणाले, "रविवारी ते पनवेलला येतायत. तांदूळ घ्यायला तुमच्याच दुकानात पाठवतो. पण तुझं नाव मी सांगणार नाही हं! स्वतः दाखव, स्वतः बोल."

दाखवायचं कशावर? वहीची पानं पातळ, झरझर सुटत नाहीत. दुकानात मात्र रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर होतं! नाना, म्हणजे माझे वडील, दुपारी झोपले की मी रविवारपासूनच्या पानांवर तारखेखाली बगळा काढायची. प्रत्येक पानावर किंचित वेगळा. अंगठ्याने पानं सोडली, की तो खाडीतून मान वर करायचा, पंख पसरायचा आणि उडायचा! पहिल्यांदा उडाला तेव्हा मला रडूच आलं.

रविवार आला. पाहुणे आले नाहीत. सोमवारी नानांनी टर्रकन पान फाडलं. "फाडू नका" म्हणायचं, तर कारण सांगावं लागणार. कोण सांगणार? मी?

मग जो घोळ सुरू झाला! गव्हाणचे गणूकाका रोज बाजाराला येत. कॅलेंडराकडे बघून ते म्हणाले, "शेठ, ह्यो बगला रोज वर जातो. भाताचा भाव पन वर जानार, बगा!"

"छापणाऱ्यांनी उगीच का काढलाय?" नाना गंभीरपणे म्हणाले, आणि गिऱ्हाइकांना चक्क परत पाठवू लागले. "आज पंख खाली आहेत. उद्या या!"

फाडलेली पानं गणूकाका शकुनाची म्हणून खिशात जपून ठेवत.

पाहुणे उगवले, तेव्हा बगळा कॅलेंडरातून पार उडून गेला होता. मी आतल्या दाराच्या पडद्याआड उभी. नाना त्यांना शकुनाचं कौतुक सांगत बसले, आणि गणूकाकांनी खिशातला गठ्ठा पुढे केला. पाहुण्यांनी पानं तारखांच्या क्रमाने लावली, अंगठ्याने सोडली.

बगळा उडाला! तोही आमच्या तांदळाच्या पोत्यांवर!

"आरं, जित्ता हाय ह्यो!" गणूकाका ओरडले.

पाहुण्यांनी पुन्हा पानं सोडली. पुन्हा एकदा. मग हळूच विचारलं, "कुणी काढलंय हे? असाच माणूस शोधतोय मी. शिकवून तयार करीन."

"छापखान्यातला कुणी गुणी माणूस असणार," नाना म्हणाले.

मी पडदा सारून पुढे झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकच शब्द बोलायचा होता हो, 'मी'! तोंड उघडलं.

आणि म्हणाले, "चहात साखर किती घालू?"

त्यांनी दोन चमचे सांगितले. चहा पिऊन छापखान्याचं नाव टिपून घेतलं, आणि त्या गुणी माणसाला शोधायला निघून गेले.