‘ताणा’ खेळायला सुरतेला

नंदुरबारहून माणसं सुरतेला साड्या घ्यायला जातात, नाहीतर कामाला. मी गेले एका व्हिडिओ गेमसाठी. हे ऐकल्यावर नवऱ्याने शांतपणे विचारलं, "घरी खेळता येत नाही का?"

येत होती की! मी शाळेत ग्रंथपाल, वय सत्तेचाळीस. एकट्या-दुकट्या माणसांनी घरी बसून केलेल्या छोट्या गेम्स शोधायचा मला नाद आहे. त्या ठेवायच्या खास वेबसाइट असतात, बरंच काही फुकट असतं. तिथेच ‘ताणा’ सापडली. चार लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि एक कारागीर. धागा तुटला की धावत जाऊन गाठ मारायची. आणि तो कारागीर चक्क अहिराणी बोलतो! पण गेम अर्धवट होती. खाली मी लिहिलं, "पुढे काय?" उत्तर आलं, "सोडून द्यायचा विचार आहे. रविवारी आमच्या गेम करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शेवटचं दाखवणार. सुरतला येता?" लिहिणारी होती सुरतेला लागूनच असलेल्या उधन्याची हर्षाली.

शनिवारी सकाळची गाडी धरली. जनरलचं तिकीट शंभराच्या आत, बसायला जागाही मिळाली. नवापूरपर्यंत डोंगर, व्यारा सोडलं की उसाची शेतं. एक सल्ला: काम उधन्यात असेल तर उधन्यालाच उतरा. मी उगाच सुरत स्टेशनपर्यंत गेले आणि शेअर रिक्षाने परत आले.

हर्षाली सत्तावीसची. एम्ब्रॉयडरी मशीनसाठी कॉम्प्युटरवर डिझाइन बसवण्याची नोकरी करते. गेम करायला ती मोफत सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ बघून शिकली. लोचो खायला घेऊन गेली. वाफाळता, वर लोणी, शेव, कांदा. दोन प्लेट संपल्यावर खरं बोलली.

"ताई, उद्या माझ्या वडिलांना, बापूंना आणतेय. तीस वर्षं लूमवर होते. त्यांना वाटतं मी ऑफिसचं काम घरी करते."

"मग भीती कसली?"

"त्यांच्या कष्टाचा मी खेळ केला, असं वाटलं तर?"



रविवारी सुरतेतल्या अडाजणला हेतलबेनच्या क्लासमध्ये जमलो. हेतलबेन गणित शिकवतात आणि आकड्यांची कोडी असलेल्या गेम्स करतात. सात-आठ जण, प्रत्येकाचा लॅपटॉप, मध्ये खमणचा डबा. कुणीही या, प्रवेश फुकट. मी कधीच काही केलेलं नाही म्हटल्यावर त्या हसल्या, "पहला गेम इतना छोटा बनाओ कि बताने में शर्म आए. लेकिन पूरा करो."

बापू इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ऐकायला कमी येतं, म्हणून हर्षालीने हेडफोनचा आवाज वाढवून दिला. गेम सुरू झाली. धागा तुटला, पडद्यावर लाल दिवा लागला. बापू हललेच नाहीत.

"बापू, लाल दिवा लागला ना!"

"लाल दिवा कोन देखस?" ते म्हणाले. "आमले आवाजवरथीन समजस."

मग त्यांनी टेबलावर बोटांनी लूमचा ठेका धरला. खटाक-खट, खटाक-खट. एकदम एक ठोका गाळला. "आते तुटना."

बापूंनी हेडफोन काढला.

"हाई तू करं?"

हर्षालीने मान डोलावली.

"मंग आवाज बरोबर कर. मी सांगसू तुले."

तिने घाईघाईने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, पण डोळे भरल्यामुळे तिला पडदाच दिसेना. शेवटी हेतलबेननी वही-पेन पुढे केलं आणि ती लिहून घेऊ लागली.

सोमवारी सकाळी बापू आम्हाला त्यांच्या जुन्या कारखान्यात घेऊन गेले. मालकाची परवानगी त्यांनीच काढली. आत पाऊल टाकलं आणि माझ्या छातीतच धडधड भरली. बोललेलं काही कळेना. बापू लूमवर तळहात टेकवून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि खूण करायचे. ते थांबतील तिथे हर्षाली फोनवर आवाज टिपून घ्यायची. कामावरचे दोघे-तिघे गालात हसत होते, पण तिसऱ्या लूमचा सूर निराळा आहे हे त्यातल्याच एकाने आपणहून दाखवलं. बाहेर आल्यावर बापूंनी चहा सांगितला आणि चहावाल्याला म्हणाले, "मन्ही पोर गेम बनावस." चहावाला म्हणाला, "अच्छा!" आणि साखर ढवळत राहिला. बापूंना तेवढंच पुरे होतं.

दुपारच्या गाडीने परतले. सुरतेची मिठाई घारी आणली होती, ती घरात दोन दिवसांत संपली. तीन आठवड्यांनी हर्षालीने नवी ‘ताणा’ पाठवली, त्यात लाल दिवा नाही. मी सारखी हरते, कारण माझा कान अजून तयार नाही. सोडून द्यायची गोष्ट तिने पुन्हा काढलेली नाही.

आता संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की मीही तासभर लॅपटॉप उघडून माझी पहिली गेम करत बसते. काल माझ्या पडद्यावरचा हिरवा चौकोन बटण दाबल्यावर उजवीकडे सरकला. डावीकडे अजून जात नाही. मी त्याला पडद्याच्या कडेपर्यंत नेलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा नेलं. कितीतरी वेळ तेवढंच करत बसले होते.