तारआप्पा

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आप्पांना आम्ही सहकाऱ्यांनी "कसं काय?" विचारलं, की ते पुढच्या शतकातलं सांगत. "जगातले सगळे कॉम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडले जाणार हायेत, सर. लातुरात बसून लंडनचं पुस्तक वाचाल!" मुलांनी त्यांचं नाव तारआप्पा ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं आणि आवडलं, त्यामुळे चिडवण्यातली मजाच गेली.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कचेऱ्यांना नव्या पाट्या आल्या होत्या, नळांना पाणी नव्हतं. टँकरच्या रांगेतही आप्पांचं चालूच. "टँकर कुठवर आला, ते पुढं घरात बसून दिसंल." मागची बाई म्हणाली, "दिसंल तवा दिसंल. आधी घागर सरकवा."

सगळीच भाकितं खरी ठरणारी नव्हती. खरं काय ते प्रत्येकाला लगेच कळणार, म्हणून अफवा बंद होणार, असं ते छातीठोकपणे सांगत.

कॉलेजला दोन कॉम्प्युटर मिळाले, तेव्हा आप्पांनी शेजारशेजारच्या दोन खोल्यांत ठेवून ते तारेने जोडले आणि प्रयोग बघायला गाव बोलावलं. त्यांची मुलगी सुनंदा हिला बघायला उदगीरहून आलेले पाहुणेही त्यांनी हौसेने पहिल्या रांगेत बसवले. दुसऱ्या खोलीत मी मजकूर टाइप करायला बसलो आणि लाईट गेली. आप्पा डगमगले नाहीत. "समजा, मीच तार!" म्हणत ते धावत माझ्याकडे आले, निरोप ऐकला आणि धावत जाऊन लोकांना सांगितला. असे चार-पाच निरोप त्यांनी धोतर सावरत पोचवले. हशा थांबेना. पाहुणे मात्र चहा न घेता उठले, आणि सोयरीक मोडली.

आप्पांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, अबोला धरला. शेवटी सुनंदाच म्हणाली, "पप्पा, बरंच झालं. मला नांदेडला इंजिनिअरिंगला जायचंय." आप्पांनी वहिनींकडे पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला तरी लाईट असंल तिथं धाडा."

सुनंदा शिकली, अमेरिकेत गेली. पुढे लातुरात पहिला सायबर कॅफे निघाला, तेव्हा मी तिथं आप्पांच्या नावानं ईमेलचं खातं उघडलं, पत्ता सुनंदाला कळवला आणि त्यांना घेऊन गेलो. तिची ईमेल आली होती. त्यांनी ती तीनदा वाचली, मग एका बोटाने उत्तर टाइप केलं: 'जेवलीस का?' आणि खुर्चीत ठाण मांडलं.

"आप्पा, तिकडं रात्र आहे. ती झोपली असेल."

ते चकित झाले. "अरे, हे तर ध्यानातच न्हाई आलं!"

त्यानंतर शेवटपर्यंत ते रोज सकाळी कॅफेत जात. ते वारल्यावर सुनंदा आली, तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "काका, पप्पांच्या ईमेलचा पासवर्ड कुणाला ठाऊक असेल का?"

"सगळ्या कॅफेला ठाऊक आहे," मी म्हणालो. "एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून टाइप करायचे ते."

ती हसायला लागली, आणि मग तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.