विजेच्या गाडीला बादलीभर पाणी

हरिश्चंद्राने बत्तीस वर्षं एस्टी चालवली. मालवण, कट्टा, ओरोस, पुन्हा मालवण. कुणाची कोंबडीसुद्धा कधी चाकाखाली आली नाही, हे तो विचारलं तरी सांगणार, नाही विचारलं तरी सांगणार. रोज सकाळी डेपोत गेला की आधी बॉनेट उघडून पाणी घालायचा, मग स्टेअरिंगला हात लावून नमस्कार. म्हणायचा, "गाडी म्हणजे दुभती म्हस. पाणी दाखवल्याशिवाय कामाक लावची नाय."

रिटायर झाला आणि हात मोकळे पडले. तेवढ्यात त्याच्या मुलाने, बोटीवर इंजिनीअर असलेल्या धनेशने, विजेवरची गाडी घेतली. साधीसुधी नव्हे हो! काळी कुळकुळीत, बुटकी, शर्यतीला सोडावी तसली. मार्गशीर्षात बोटीवर जाताना ती कट्ट्याला बापाच्या स्वाधीन करून गेला.

"बाबा, हिका पेट्रोल नको, ऑइल नको. ही वायर लावची, बस."

"आणि पाणी?"

"पाणी तुमका घालूचा लागणा नाय."

हरिश्चंद्राचं तोंड एवढंसं झालं. बॉनेट उघडून बघतो तर आत इंजिनच नाही, रिकामी पेटी. जानकी, त्याची बायको, वाकून बघत म्हणाली, "बरी आसा. चार नारळ ऱ्हवतीत."

आणि त्या गाडीच्या एकेक तऱ्हा! दाराला मूठ नाही. जवळ गेलं की कासवाने तोंड काढावं तशी मूठ बाहेर येते, लांब गेलं की आत. आवाज म्हणून नाही, त्यामुळे कोंबड्या हलत नाहीत. हरिश्चंद्र आपला काच खाली करून "शूऽ शूऽ" करत गाडी चालवायचा. पाय उचलला की गाडी आपणच थांबते. पहिल्या दिवशी एस्टीच्या सवयीने त्याने पाय एकदम काढला, तर जानकीचं कपाळ पुढे आपटता आपटता राहिलं. पोट तर इतकं खाली, की आमच्या पाणंदीतले दगड घासायचे. मग त्याने तिथे माडाच्या फळ्या टाकल्या. कुठेही जायचं तर तिशीच्या वर काटा नाही. वाडीतली पोरं सायकलने पुढे जायची.

गाडी चार्ज करायचा डबा पडवीत लावला तो धोंडूने. धोंडू आमचा वायरमन. न्हाणीमागे खड्डा मारून, मीठ-कोळसा घालून त्याने अर्थिंगची तार पुरली होती. डब्यावर हिरवी बत्ती लागायची, सकाळपर्यंत गाडी भरायची. सगळं सुरळीत.

वैशाख आला. धनेशचा निरोप आला, शनिवारी सकाळी ओरोस स्टेशनावर उतरतो, गाडी घेऊन या. गुरुवारी सकाळी हरिश्चंद्राने वायर लावली, तर बत्ती तांबडी. काढली, पुसली, परत लावली. तांबडीच. गाडीत वीज उरलेली दहा टक्के. ओरोसला जाणं जमेल, पण परत काय ढकलत आणणार? धनेशला फोन लावला, तो बंद.

हरिश्चंद्र पायरीवर बसला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, गाडी बिघडली म्हणून बसलाय. पण त्याच्या पोटात दुसरंच होतं. एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. आता पोराच्या लाखमोलाच्या गाडीची वाट लावली, बत्तीस वर्षांचं नाव घरच्याच गाडीत बुडालं, असं त्याच्या मनाने घेतलं.

शेवटी उठला, गाडीपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज ह्यो नारळ ठेवून तुका सांगणा करतंय. काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून जानकी. गाऱ्हाण्याला कुणीतरी साथ द्यायची असते, ती तिने दिली.

"फाल्गुनात माळावरच्या सरळ रस्त्यार, कोण नसताना, माझो पाय जरा जास्त पडलो म्हाराजा."

"किती पडलो म्हाराजा?"

"एकशे धा म्हाराजा," त्याच्या तोंडातून निघून गेलं.

"अवो!" जानकी पुढेच आली. "एकशे धा? आणि माका घेऊन जाताना माझो धाकटो दीर चालत पुढे गेलो!"

"फक्त एकदाच गो. बंदुकीतून सुटल्यासारखी गेली. टोपी मागच्या शिटार जावन पडली. तेच्यानच बिघडली ती."

"बिघडली काय, तां धोंडू सांगतलो. उठा."

धोंडू आला. डब्यातली वीज आणि अर्थिंगची तार यांच्यामध्ये बल्ब लावून बघितला, तर बल्ब भक्क पेटायच्या ऐवजी समईसारखा मिणमिणला. तो हसायलाच लागला.

"काकानू, गाडी बरी आसा. डबोय बरो आसा. जमीन सुकली! डब्याक जमीन गावली नाय तर तो वीज सोडणा नाय, तुमका झटको बसात म्हणान."

"म्हणजे माझ्या पायान नाय?"

"खंयच्या पायान?"

"काय नाय, काय नाय," हरिश्चंद्र घाईने म्हणाला.

धोंडू न्हाणीमागे गेला. खड्ड्याची माती भाजलेल्या विटेसारखी. "ह्या न्हाणीचा पाणी खंय गेला? मी तेवाच सांगललंय, हय पाणी पडाक व्हया."

आता जानकीची पाळी. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "चैतात मी पायप लावन माझ्या नव्या माडांक वळवलंय. पोरांसारखे जपलेले माड, सुकत होते ते."

"आणि माका वाटला, धोंडू मस्करी करता," हरिश्चंद्र म्हणाला. "पाणी नको त्या गाडयेक पाणी!"

बादली घेतली आणि ओतायला लागला. जांभ्याची जमीन ती, पहिल्या चार बादल्या नुसत्या घटाघट प्यायली. पाचवी, सहावी. मग मातीतून बुडबुडे आले, थंडावा आला. तासाभराने धोंडू म्हणाला, "लावा आता." हरिश्चंद्राने वायर लावली. बत्ती तांबडी लुकलुकली, विझली, आणि हिरवी झाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते टोपीने पुसलं. जानकीने गाऱ्हाण्याचा नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "खावा. देवान पदरात घेतल्यान."

शनिवारी ओरोसला धनेश गाडीत बसला. "काय त्रास नाय ना दिल्यान, बाबा?"

"छ्या! फक्त रोज एक बादली पाणी घालूचा लागता."

"पाणी? हिका?"

"घराकडे चल, दाखवतंय. तुमच्या शाळेत नाय शिकवणत ता."

मागच्या सीटवरून जानकी म्हणाली, "आणि बाकीचा तुका रवळनाथ सांगतलो."

आता रोज सकाळी हरिश्चंद्र न्हाणीमागे बादलीभर पाणी ओततो, मग येऊन स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करतो. माडांना दुसरी बादली. तीही त्यानेच घालायची, असं जानकीचं म्हणणं. ते त्याने गुपचूप मान्य केलंय.