काचेवरची वाफ

मी फिजिक्स शिकवते. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शनिशिंगणापूरलासुद्धा मी गेले ती बिनदाराची घरं बघायला. तरी हे लिहितेय...

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. राहात्याच्या शाळेतून रजा घेऊन मी नगरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. झिंकच्या क्षाराचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारलं की झिंक ऑक्साइडचा पातळ, पारदर्शक थर बसतो. त्यात किंचित फ्लोरिन मिसळलं की थरातून वीज सहज वाहते. जास्त झालं की पुन्हा बिघडतं. नेमकं किती, ते मला शोधायचं होतं.

काचा धुवायचे लॅबचे शिपाई, केडगावचे मामा. धुतलेल्या प्रत्येक काचेवर ते "हाऽऽ" करायचे. वाफ एकसारखी धरली तर पास. फाटली तर पुन्हा धुणं.

"मामा, मला काय त्यात तोंड बघायचंय?"

"तोंड न्हाई, ताई. वाफ फाटली म्हंजी तिथं त्याल हाय. तुमचं फ्लोरिन बिचारं काय करील त्याला?"

जानेवारीत मामा गेले — हार्ट अटॅक. मग काचा मी धुऊ लागले. ते "हाऽऽ" मला घाईत फालतू वाटायचं. आणि रीडिंग बिघडली. द्रावण तेच, पण मीटर रोज वेगळं सांगे. फ्लोरिन कमी केलं, वाढवलं... काही नाही.

"तेच रीडिंग पुन्हा येत नसेल तर थीसिस विसरा," गाईड सर म्हणाले. रजा जूनला संपत होती.

मे महिना, दुपारचे दोन. फवारा हलू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, लॅबमध्ये मी एकटी. स्टँडवर दहा कोरड्या काचा. हॉटप्लेट लावून वळले तर चौथी काच पांढरी — वाफ! या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठेही न फाटलेली. नगरच्या उन्हाळ्यात, जिथे ओला रुमाल बघता बघता वाळतो! मी घड्याळ लावलं. वाफ तीन मिनिटं राहिली.

मग मी बाकीच्या नऊ काचांवर "हाऽऽ" केलं. सगळ्यांवर वाफ फाटली.

चौथीवर थर दिला. मीटर बरोब्बर जानेवारीचा आकडा दाखवत होता. उरलेल्या नऊ मामांच्या पद्धतीने धुऊन थर दिला, त्यांचंही रीडिंग सुधारलं. फ्लोरिनचा काही दोष नव्हता. माझ्या आळसाचा होता.

म्हणजे रीडिंगचं कारण कळलं. वाफेचं नाही. नंतर त्याच जागी, तशाच दुपारी मी किटलीची वाफ सोडून बघितली, बर्फावरची गार काच ठेवून बघितली. कधीच तीन मिनिटं टिकली नाही. कुणाला कारण सुचत असेल तर जरूर कळवा.

थीसिसच्या आभारात मी लिहिलं — मामांचे, मे महिन्यातल्या रीडिंगसाठी.

सरांनी चष्मा काढला. "अहो, ते जानेवारीतच गेले ना?"

"हो सर," मी म्हटलं. "तेवढं राहू द्या."

त्यांनी राहू दिलं.