रानात मारलेली हाक

सागाचं वाळलेलं पान पायाखाली मोडतं तेव्हा त्याचा आवाज कसा येतो, ठाऊक आहे तुम्हाला? पापडासारखा तो हलका नसतो. सुपाएवढं ते पान, उन्हानं कडक झालेलं. जुनं जाड कापड कुणी टरकावावं तसा त्याचा भरदार आवाज येतो, आणि पावलागणिक येतो. चैत्र लागला की आलापल्लीच्या बाजूच्या रानात साऱ्या वाटा या पानांनी बुजून जातात. वर पर्णहीन सागांची निष्पाप नग्नता, खाली हा तांबूस गालिचा, आणि मध्येच कुठूनतरी मोहाचा तो गोडसर, आंबूस, किंचित झिंग आणणारा दरवळ! या आवाजाची मला एकदा अशी धास्ती बसली होती की विचारू नका. आज मात्र तो आठवला की छातीतून एक मोठा श्वास आपसूक बाहेर पडतो.

आम्ही दोघं निवृत्त माणसं. मी चंद्रपूरच्या एका शाळेत मराठी शिकवलं; हे वनखात्याच्या लाकूड आगारात कारकून होते. माझं बालपण परकोटाच्या आत, वेशीला लागून असलेल्या आळीत गेलं. यांचं रानालगतच्या चार घरांच्या वस्तीत. गेल्या वर्षी यांची छाती दुखली, डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आणि निघताना बजावलं, रोज चालायचं. पण चंद्रपुरात माणसानं चालावं कुठं? सकाळी गच्चीवर हात फिरवला तर कोळशाच्या धुळीनं बोटं काळी होतात. हे म्हणाले, चालाचं तर रानात. मी म्हटलं, रानातच जायचं तर काही बघण्यासारखं असेल तिथं जाऊ. अशी आमची तडजोड झाली, आणि संसारातल्या बहुतेक तडजोडींपेक्षा ही फार गोड निघाली.

तेव्हापासून आमच्या रविवारांना पाय फुटले. वैनगंगेच्या काठची कोरीव देवळं पाहिली. पडक्या किल्ल्यांच्या तटांवर उगवलेले पिंपळ पाहिले. भद्रावतीच्या डोंगरातली लेणी तर आमची लहानपणापासूनची, बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून जायची. पण अशा ठिकाणी वाहनानं जाणं वेगळं आणि पायवाटेनं जाणं वेगळं. वाहन तुम्हाला स्थळापाशी नेऊन सोडतं. पायवाट तुम्हाला त्या स्थळासाठी हळूहळू तयार करते. घाम येतो, बडबड ओसरते, मन जरासं रितं होतं, आणि मग समोर येतो तो शेवाळलेला दगडसुद्धा आपल्याशी बोलायला तयार असतो. दर्शनाआधी चालणं ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना मनुष्यस्वभावाची केवढी जाण असेल!

माझी भाची फ्रान्समध्ये असते. तिथल्या खेड्यापाड्यांतून तीही सुटीच्या दिवशी नवऱ्याबरोबर पायी हिंडते आणि मला फोटो पाठवते. द्राक्षांचे मळे, दगडी पूल, उंच मनोऱ्याचं एखादं जुनं चर्च, आणि वाटेवरच्या झाडाझाडावर रंगवलेले पांढरे-लाल पट्टे. पट्टा दिसला की वाट बरोबर, फुली दिसली की चुकली. मला त्या पट्ट्यांचा प्रथम हेवा वाटला, मग हसू आलं. आमच्याकडे वाट चुकली की नाही हे संध्याकाळी घरी पोचल्यावरच कळतं! भाचीला तसं कळवलं, तर तिनं हसरे चेहरे पाठवले.

त्या दिवशी आम्ही निघालो होतो ते मुलचेऱ्याच्या वाटेवरल्या एका टेकडीवरच्या शिळा पाहायला. माणसाहून उंच अशा अनघड शिळा उभ्या रोवलेल्या आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एक अवाढव्य शिळा. लोक तिला मांडव म्हणतात. लग्नाचा मांडव नव्हे हं, मरणाचा! फार प्राचीन काळी कुणीतरी आपल्या माणसाला तिथं निजवलं आणि त्याच्यावर हे दगडी छप्पर घातलं. हे लहानपणी वडिलांबरोबर तिथं आले होते, त्या आठवणीच्या भरवशावर आम्ही एसटीतून उतरलो आणि रानात शिरलो.

वाटेत एका मोहाखाली एक बाई फुलं वेचत होती. टोपलं अर्धंअधिक भरलेलं, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. आम्हाला पाहून ती उभी राहिली.

“मांडवाकडे चालल्या काय, बाई? जा, पन एकटं-दुकटं नोका फिरू. अस्वल येऊन राह्यलं मोहाखाली.”

हे नुसतं हसले. रानात वाढलेल्या माणसाला अस्वलाची बातमी म्हणजे आपल्याला गल्लीतल्या कुत्र्याची. मी मात्र पर्स छातीशी धरली.

शिळांपाशी पोचलो. त्या आडव्या शिळेखाली गार सावली होती. मी आत हात लावून पाहिला. कुणासाठी हा एवढा खटाटोप? राजा होता तो, की कुणाचा नवरा, कुणाची आई? त्याचं नाव गेलं, भाषा गेली, त्याला रडणारेही गेले; राहिली ती फक्त उचलणाऱ्यांची माया, दगडात घट्ट रुतून बसलेली. प्रेमाचं ओझं माणूस किती उचलू शकतो याला काही सीमा आहे का? अशा विचारात मी गुंतले असताना हे म्हणाले, “वरच्या अंगाले टेंभराची झाडं होती, पाहून येतो,” आणि गेले. मी मान डोलावली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बराच वेळ गेला. चहा ओतावा म्हणून मी थर्मास काढला आणि दोन पेले मांडले, तेव्हा लक्षात आलं की पानांचा आवाज केव्हाच थांबला आहे. मघापर्यंत त्यांच्या पावलांची ती मोडामोड ऐकू येत होती, आणि आता काहीच नाही. “अहो,” मी जरा बावरून म्हटलं, घरात म्हणते तसंच. तेवढा आवाज कुठला वर पोचायला! फोन काढला, तर त्यावर नेटवर्कची रेघ नाही. मग एकदम आठवलं. यांची जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या पर्समध्ये होती.

मी वर धावत सुटले. माझ्याच पायांखाली पानं एवढी वाजायला लागली की दुसरं काही ऐकूच येईना. थांबावं तर भीती वाटे, चालावं तर कान बंद. झाडामागे काळं काही दिसलं की अस्वल, आडवं काही दिसलं की... नाही, ते मी आजही लिहिणार नाही. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मलाच नवल वाटतं. ‘अहो’ हा शब्द दोन माणसांपुरता असतो हो. त्यानं अख्ख्या डोंगराला कसं पुकारायचं? मी यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यातून घेतलं होतं तेवढंच, तेही मैत्रिणींनी चिमटे काढले म्हणून. “मनोहऽर! मनोहऽर!” डोंगरानं ते नाव परत माझ्याकडे फेकलं. मी पुन्हा मारली हाक, पुन्हा, पुन्हा, घसा फाटेपर्यंत. उत्तर नाही. उभ्या संसारात जपून ठेवलेलं ते नाव मी त्या एका सकाळी सगळं उधळून टाकलं, आणि त्याला ओ देणारं कुणीच नव्हतं.

शेवटी एका मोठ्या खडकाच्या पायथ्याशी मी मटकन बसले. देवाला साकडं घालायची आमच्या घरात रीत नाही, आणि रडायला अजून कारण मिळालं नाही असं मी स्वतःला बजावत होते. अशा वेळी माणूस काय करतो? मी काय केलं सांगू? मी चिडले. रोज सकाळी पेपरात डोकं घालून बसलेल्या नवऱ्यावर चिडते तशी, त्याच सुरात, मोठ्यानं ओरडले, “अहो, येऊन राह्यले का नाई? चहाचं पार पानी झालं तिकडं!”

“ओ!” खडकाच्या वरून आवाज आला. “आलो ना! काऊन चिल्लावतं?”

आणि सागाची पानं वाजू लागली. एक पाऊल, दुसरं पाऊल, सावकाश, नेहमीचं, डाव्या पायावर जरा जास्त भार देणारं! जगातल्या कुठल्या वाद्यात हा नाद आहे? हे खडकाला वळसा घालून आले, हातातल्या रुमालात टेंभरं, तेंदूची ती पिवळी फळं, चेहरा शांत. मी त्यांचा दंड धरला, छातीला हात लावून पाहिला, आणि मग माझा बांध फुटला.

“कुठी होते तुमी? इतक्या हाका मारल्या, आयकू नाई आल्या काय?”

“इथीच वर बसलो होतो, टेंभरं निवडत. आल्या ना, चांगल्या आयकू आल्या.”

“मंग ओ काऊन नाई दिली?”

हे जरा ओशाळले. “कोनीतरी माह्यं नाव घेऊन बलावून राह्यलं होतं. रानात नावानं हाक आली तर ओ द्याची नसते, हालाचं बी नसते. मायनं सांगतलं होतं.”

“अहो, मीच होती ते!”

“तू?” ते खरोखर चकित झाले. “तू कधी घेतलं माह्यं नाव? आवाज तुह्यासारखाच होता, म्हनून तर जास्त भेव वाटलं.”

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. भुताखेतांवर आम्हा दोघांचाही काडीचा विश्वास नाही. विहारात दर पौर्णिमेला हेच तावातावानं अंधश्रद्धेवर बोलतात, आणि पोरं टाळ्या वाजवतात. ते मी त्यांना तिथल्या तिथं ऐकवलं. “विश्वास नाई वं,” ते टेंभरू माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “पन तोंडच उघडलं नाई. माय म्हने, रानाले नाव समजते, नातं नाई समजत. घरचं मानूस नात्यानं बलावते.”

उतरताना मी त्याच एका वाक्यावर चालत होते. सासूबाईंना मी फार थोडी वर्षं पाहिलं. रानात गेलेल्या लेकरांना त्या ‘ए पोरा’, ‘ए माय’ अशाच हाका घालत, नाव कधी घेत नसत. मला ते कोरडं वाटे. आज कळलं की त्यात केवढं संरक्षण होतं! नाव काय, सातबारावर असतं, दवाखान्याच्या कागदावर असतं, दाराच्या पाटीवर असतं. कुणीही वाचावं आणि पुकारावं. पण ‘अहो’ म्हणायचा अधिकार साऱ्या पृथ्वीवर एकीलाच, आणि माझ्या स्वरात आला तर तो शब्द कोणत्याही नावाहून अचूक यांनाच जाऊन लागतो. भाचीच्या फ्रान्समध्ये झाडांवर पट्टे रंगवतात, ठीकच आहे. आम्हाला आमची खूण त्या दिवशी चहाच्या तक्रारीत सापडली.

रस्त्यावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. थांब्याच्या लिंबाखाली आम्ही टेंभरं खाल्ली, गार चहा प्यालो, आणि तो इतका चांगला लागला की मी पेला निपटून प्याले. धोका टळला की जिभेलाही किती उदारता येते! बऱ्याच वेळानं हे इकडेतिकडे पाहत, जरा खाकरून म्हणाले, “आता घे.”

“काय?”

“नाव. इथी चालते. इथी रान नाई.”

मी तोंड उघडलं. सकाळी भीतीनं डोंगरभर उधळलेलं ते नाव आता सुखानं जिभेवरच बसून राहिलं. ओठ हलले, डोळे भरून आले, पण शब्द काही बाहेर पडेना. दूर वळणावर एसटी दिसली. मी हाक मारलीच नव्हती, तरी एसटीकडेच बघत ते हळूच म्हणाले, “ओ.”