बालाजीला न वाहिलेले केस

केमोचा त्रास मी निमूट सोसत होते, पण माझ्या नणंदेचा हेवा मला सोसवत नव्हता. मला छातीचा कॅन्सर निघाला म्हणून ताई पुण्याच्या घराला कुलूप लावून दिल्लीला, मुनिरकाजवळच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, आणि बघता बघता माझी सात वर्षांची सई त्यांची झाली. वेणी आत्याने घालायची, डबा आत्याने भरायचा, झोपायचं तेही आत्याच्या कुशीत. माझ्या खोलीच्या दाराशी मात्र ती जरा घुटमळायची आणि पळून जायची. देवासमोर बसले की नामस्मरण राहायचं बाजूला, आधी तक्रार सुरू व्हायची: मला न्यायचं तर ने, पण माझी मुलगी आत्ताच दुसरीला का दिलीस?

सईला आम्ही आजाराचं नावही सांगितलं नव्हतं. केस गेले तेव्हा ह्यांनीच शक्कल लढवली. आमच्या घरी बालाजीला केस वाहतात, तेव्हा आईने नवस फेडला असं सांगून ते मोकळे झाले. लहान जिवाला कशाला घाबरवायचं, हे सगळ्यांना पटलं. मलाही.

एकदा केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीत पानिपतच्या एक बाई होत्या. फोनवर त्यांची लहानगी विचारत होती, "मम्मी, आज उलटी हुई?" आणि दोघी खळखळून हसत होत्या. मला त्या दोघींचाही हेवा वाटला. मी तुटकपणे विचारलं, "बच्ची को सब बता दिया?"

"बिल्कुल, बहनजी. न बताओ तो बच्चे अपने मन से कहानी बना लेते हैं. और कसूर अपना ही निकालते हैं." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. त्या मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. माझ्या तक्रारीचं उत्तर त्यांच्या तोंडून कोणी दिलं, याचा खल मी करत बसत नाही.

त्याच संध्याकाळी देवापाशी दिवा लावून सईला जवळ बोलावलं. म्हटलं, "माझे केस बालाजीला नाही वाहिले. मला कॅन्सर नावाचा आजार झालाय, त्याच्या औषधाने ते गेले. हा आजार शिवल्याने होत नाही आणि कुणाच्या चुकीनेही होत नाही."

"पक्का? माझ्यामुळे पण नाही?"

"तुझ्यामुळे कसा होईल?"

"तू होमवर्कवरून ओरडलीस ना, तेव्हा मी बाप्पाला म्हटलं, मला आत्याच आई पाहिजे. मग तू आजारी पडलीस. आणि आत्या खरंच आली."

मी जिच्यावरून जळत होते, ती माझी पोर एवढं ओझं घेऊन माझ्यापासून लपत होती. मी तिला घट्ट धरलं. दोघी खूप रडलो.

"तू बरी होशील?"

"माहीत नाही, बाळा. डॉक्टर प्रयत्न करतायत. पण जे होईल ते तुला मीच सांगेन."

ताई सईसाठी तेलाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या, डोळे पुसत. सई माझ्या मांडीत बसून म्हणाली, "आत्या, आधी आईला."

मी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. ताईंचा हात डोक्यावर इतका मायेने फिरला, की सईला त्यांच्या कुशीत झोप का लागते ते मला कळलं. मी देवाकडे पाहिलं. त्या दिवशी तक्रार नव्हती. एवढंच म्हटलं, मला राखलंस तर तुझी कृपा; नाही राखलंस, तर हा हात माझ्या लेकीच्या डोक्यावर असू दे.