पाऱ्यात घातलेला हात

सासऱ्यांनी लग्नात दिलेली सोन्याची अंगठी बोटात ठेवूनच मी पाऱ्यात हात घातला.

काल घरात थर्मामीटर फुटला, पाऱ्याचे मणी फरशीभर पळाले आणि वीस वर्षांपूर्वीची उल्हासनगरची सोनार गल्ली आठवली. तिथे शांताबाई झारेकरीण सोनारांच्या दुकानांतला केर परातीत धुवायची आणि पाऱ्याने त्यातले सोन्याचे कण टिपायची. कारखान्याला सुट्टी, म्हणून मला हा छंद शिकायचा होता! दोन तास गटाराच्या वासात उकिडवा बसलो, कंबर मोडली, कण काही दिसेना. वैतागून परातीतल्या पाऱ्यात बोटं फिरवली, तर पारा सोन्याला चिकटून अंगठीच पांढरीफटक. घासली, तशी आणखी पांढरी.

"आता बायकोला काय सांगू?"

शांताबाईने मान वर केली नाही. "खरं तेच सांगा, सायेब. एवढ्या वर्षांत त्यांना तुमची अक्कल कळलीच असंल."